लाल दांड्याची बोरिंग

"पानी नेऊ का वं बाई?"

हातपंप सरकारी असो, भर चौकातला असो, तपासणीची बाटली भरण्याआधी तो चपला बाजूला काढायचा आणि शेजारच्या घरातल्या बाईला हे विचारायचाच. बाई म्हणायची, "ने ना गा, पुसून काय राहिला?" मगच तो दांड्याला हात लावायचा.

नागपुरातल्या आमच्या संशोधन संस्थेत तो फील्ड असिस्टंट होता. पन्नाशी उलटलेला, काटकुळा, सगळ्यांचा 'भाऊ'. त्याचे वडील हातमागावर लुगडी विणायचे. माग केव्हाच बंद पडला होता, पण विणकराची गाठ भाऊच्या बोटांत राहिली होती. बाटलीच्या मानेला तो चिठ्ठी अशी बांधायचा, की युरोपातल्या प्रयोगशाळेतून एकदा पत्र आलं : नमुने उत्तम पोचले, पण गाठ सुटत नाही, कात्री घ्यावी लागते. मी ते वाचून दाखवलं, तर आठवडाभर तो कँटीनमध्ये दिसेल त्याला सांगत होता, "तिकडं कात्री लागते म्हनते."

प्रकल्प दोन देशांचा होता. भिवापूरच्या पुढच्या काही गावांत बोरिंगच्या पाण्यात फ्लोराइड किती, ते आम्ही मोजत होतो. आमच्याकडे हातपंपाला बोरिंगच म्हणतात. फ्लोराइड जास्त झालं, की मुलांचे दात तपकिरी पडतात, पुढे हाडं आखडतात. पाणी मात्र दिसायला स्वच्छ आणि चवीला गोड.

तिकडच्या विद्यापीठातून एक वयस्क शास्त्रज्ञ बाई आल्या होत्या. हा चपला का काढतो, असं त्यांनी पहिल्याच दिवशी मला विचारलं. मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "कोनाच्या घरचं प्याचं पानी हाय, साहेब. असंच कसं घ्याचं?" बाईंनी ते वहीत लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी आपले जाडजूड बूट काढून त्या तापलेल्या फरशीवर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "पाणी नेऊ का?" गावातल्या बायका हसून हसून वाकल्या. भाऊ मात्र हसला नाही. त्याने मान डोलावली, जणू विद्यार्थिनी पास झाली.

बाटली भरली, की प्रत्येक घरातून तोच प्रश्न यायचा, आमचं पाणी कसं आहे. भाऊचं उत्तरही ठरलेलं. रिपोर्ट आला, की मीच येऊन सांगीन. मी वहीत आकडे लिहीत होतो. तो शब्द देत चालला होता, आणि ते माझ्या लक्षातही येत नव्हतं.

आकडे आले. काही बोरिंगांचे फार वाईट होते, त्यात अंगणवाडीसमोरची एक होती. पण दोन्ही संस्थांचा करार असा, की अहवाल मंजूर होऊन जिल्ह्याला रीतसर कळवल्याशिवाय गावात काही बोलायचं नाही. उगाच घबराट नको. बाईंनी तिकडून पत्रांवर पत्रं लिहिली. आमच्याकडे फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जात राहिली.

दर सोमवारी साडेदहाला भाऊ माझ्या दारात उभा राहायचा. "आलं का, साहेब?" मी म्हणायचो, "चालू आहे, भाऊ." तो जायचा. असे किती सोमवार गेले, मला आता सांगता येत नाही. एकदा तो गेला नाही. मुलं किती वर्षांची होईपर्यंत त्यांचे दात आतल्या आत बनत असतात, असं त्याने विचारलं. मी म्हणालो, साधारण सात-आठ.

"त्या अंगनवाडीजवळच्या बाईची पोरगी चारची हाय," तो म्हणाला.

त्यानंतर तो विचारायला आला नाही. मला, खरं सांगतो, सुटल्यासारखं वाटलं.

महिनाभराने त्या अंगणवाडीच्या गावचे सरपंच थेट आमच्या ऑफिसात आले. तुमच्या माणसाने रविवारी एसटीने येऊन गावातल्या बोरिंगांचे दांडे लाल रंगवले, म्हणाले. बायकांना सांगतो, हे पाणी पिऊ नका, देवळामागच्या विहिरीचं प्या. आता लोक म्हणतात, या गावात पोरगी देऊ नका. आमच्या प्रमुखांनी भाऊला बोलावलं. वाईट बोरिंगांची यादी कुणी दिली? कुणी नाही. कोणत्या चिठ्ठीची बाटली कोणत्या दारातली, हे त्याला पाठ होतं. प्रयोगशाळेतून आलेले कागद तोच तर फायलीला लावायचा.

मग सरपंच माझ्याकडे वळले. आवाज चढलेला नव्हता. घाबरलेल्या माणसासारखं त्यांनी विचारलं, "साहेब, तुम्ही शिकलेले. हे खरं हाय का?"

एक शब्द पुरला असता. प्रमुख माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "अहवाल मंजूर होईपर्यंत मला काही सांगता येणार नाही."

भाऊने माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. एखाद्याचं उघडं अंग चुकून दिसावं, तशी.

त्याच दिवशी त्याला कामावरून काढलं. मी जिन्यापर्यंत मागे गेलो. तो वळून म्हणाला, "तुमचं लेकरू लहान हाय, साहेब. नोकरी सांभाळा. कागद तेवढा नेऊन द्या गावातल्या लोकायले."

मी हो म्हणालो.

अहवाल मंजूर व्हायला दोन वर्षं लागली. तोवर भाऊ नागपूरजवळच्या बेसाला मुलीच्या घरी हृदयविकाराने गेला होता. मला आठ दिवसांनी कळलं आणि मी त्याच्या घरच्यांना भेटायलाही गेलो नाही. आता आमचं ऑफिस नव्या इमारतीत आहे, माझ्या खोलीचं दार काचेचं आहे. तरी सोमवारी साडेदहाला त्या काचेवर कुणाची सावली पडली, की माझा हात आधी फाइलकडे जातो. तुमच्याही दारात असं कुणी उभं राहत असेल, तर तुम्हाला वेगळं सांगायला नको.

मंजुरीनंतर छापील अहवाल घेऊन तिकडच्या बाई पुन्हा आल्या होत्या. शेवटच्या पानावर 'स्थानिक सहकाऱ्यांचे' आभार होते. भाऊ कुठे आहेत, त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी अहवाल मिटून माझ्या हातात दिला आणि म्हटलं, चला, गावात जाऊ.

अंगणवाडीसमोरचा दांडा लालच होता, आणि रंग ताजा होता. बाजूच्या घरातून ती बाई बाहेर आली. दरवर्षी मीच रंगवते, म्हणाली, उन्हानं उडतो. भाऊ गेल्याचं तिला माहीत नव्हतं. ते ऐकून तिने पदर तोंडाला लावला. मग माझ्या हातातल्या अहवालाकडे बघितलं.

"तो सांगून गेलता, मी रंगवून जातो, मांगून साहेब कागद घेऊन येतीन. ते तुम्हीच का?"

मी मान डोलावली. ती आत गेली, खुर्ची आणून अंगणात ठेवली आणि समोर जमिनीवर बसली. तिची मुलगी, आता सातेक वर्षांची, येऊन तिच्या खांद्याला टेकली आणि माझ्याकडे बघून हसली. पुढचे नवे दात कडेने तपकिरी होते.

"वाचा," बाई म्हणाली.