दोन दिवे, एक पंखा

पाशाभाई मुलाणींनी उभी नोकरी कुरकुंभला, एका औषधाच्या कंपनीच्या बॉयलरवर काढली. बॉयलरवरच्या माणसाला उकाडा अंगवळणी पडतो, दिवसा झोपायचं आणि रात्री जागायचं हेही पडतं. आवाज मात्र पडत नाही. पंख्यांची घरघर, पंपाची धडधड, मध्येच वाफ सुटली की कानठळ्या. दोन माणसं शेजारी उभी राहून हातवाऱ्यांनी बोलायची. रिटायर व्हायला आले तेव्हा लोक विचारायचे, "मामा, आता पुढं काय? दुकान टाकायचं का?" पाशाभाई म्हणायचे, "काय न्हाई. गप बसायचं." लोकांना ती चेष्टा वाटायची.

भांडगावच्या वरच्या अंगाला गेणबा कोकऱ्यांचा मुरमाड माळ होता. त्यांच्या वाडवडलांनी तिथं मेंढरं बसवली होती. आता घर, शेती, सगळं खाली आलं होतं आणि वर नुसती कुसळं उरली होती. त्यातला एक तुकडा पाशाभाईंनी मागितला. गेणबा सरळ माणूस. म्हणाला, "पाशाभाई, फसवून इकायचं न्हाई मला. हितं पाणी टँकरचं, आन् लाईट तर न्हाईच. खांब पार खाली रस्त्याला."

"म्हणून तर घेतोय," पाशाभाई म्हणाले. "खांब आला की मानसं येत्यात, आन् मानसं आली की गलका."

सोमवार ते शुक्रवार दोघांना मिळून दौंडचं घर सोडता यायचं नाही. सून शाळेत शिकवायला जायची आणि नात नजमुन्निसाजवळ, म्हणजे त्यांच्या बायकोजवळ असायची. तेव्हा शनिवार-रविवार दोघांनी माळावर जायचं, एक खोली, पुढं पडवी, आणि त्यापुरती सूर्याची वीज, असं त्यांनी ठरवलं.

विजेचं नियोजन त्यांनी फार जीव लावून केलं. आधी काय चालवायचं आणि किती वेळ चालवायचं ते ठरवावं, मग पॅनेल केवढं आणि बॅटरी केवढी ते आपोआप ठरतं, असं ते म्हणायचे. उलटं करणारा माणूस हटकून फसतो. दोन दिवे, एक पंखा, मोबाईल लावायला एक जागा. एक दिवस आभाळ भरून राहिलं तरी रात्र निभावली पाहिजे, एवढी बॅटरी. पॅनेल छपरावर नको, जमिनीवरच, हात पोचेल असं. माळावरची धूळ बसली की आपण फडक्यानं पुसू. ऐन थंडीत, सूर्य दक्षिणेला खाली उतरलेला असताना, ते दिवसभर माळावर बसून राहिले, बांधावरच्या बाभळीची सावली कुठवर सरकते ते पाहायला. सावली नेमकी पॅनेलच्या जागेवर येत होती. गेणबा म्हणाला, "बाभळ तोडा की." पाशाभाईंनी बाभळ ठेवली आणि पाया खणायची जागा पलीकडे सरकवली.

घरी आले की ते हे सगळं नजमुन्निसाला सांगायचे. ती भाजी निवडता निवडता "बरं" म्हणायची.

पहिल्या शनिवारी सगळं ठरल्याप्रमाणे झालं. दिवस कलला, पाशाभाईंनी बटण दाबलं आणि दिवे लागले. ते पडवीत पाय पसरून बसले. लांबवर कुठंतरी टिटवी ओरडली, बास. एवढ्यासाठी आपण जगलो, असं त्यांना वाटलं.

"टीव्ही चालंल का ह्याच्यावर?" नजमुन्निसानं विचारलं.

"टीव्हीचा हिशेबच धरला न्हाई."

उजाडल्यावर तिनं मुलाला फोन लावला, "तुमी पन या की हिकडं."

मुलगा इम्तियाज. रांजणगावला एका कारखान्यात सुपरवायझर, आठवडाभर शिरूरला भाड्यानं राहायचा आणि बोलण्यात चटपटीत. तो आला, माळावरून चहूकडे नजर फिरवली आणि म्हणाला, "अब्बा, आमच्या कंपनीतली पुण्याची पोरं सुट्टीला ऱ्हायला असली जागा हुडकत फिरत्यात, पैसं मोजत्यात. फकस्त एक फ्रीज पायजे."

फ्रीजसाठी आणखी पॅनेल आली, आणि ती छपरावर चढली, कारण खाली आता तंबू लागणार होते. मोठा इन्व्हर्टर आला, बॅटऱ्यांची रांग लागली. मग टीव्ही, मिक्सर, बागेतल्या रंगीत दिव्यांच्या माळा, मागून स्पीकर. प्रत्येक वस्तूच्या वेळी पाशाभाई सांगत राहिले, की ह्यानं बॅटरी सकाळपर्यंत टिकायची नाही. इम्तियाज म्हणायचा, "बघू की, अब्बा." पाहुणे यायचे, कुणी किटली लावायचं, कुणी इस्त्री. भार झेपला नाही की सगळा अंधार. मग हाक यायची, "अंकल, लाईट गेली." पाशाभाई उठून जायचे. खोलीत पाहुणे असले की दोघांची अंथरुणं मागच्या पत्र्याखाली पडायची.

एका शनिवारी ऐन जेवणात तीनदा अंधार झाला. पुढच्या शनिवारी इम्तियाज टेम्पोतून डिझेलचा जनरेटर घेऊन आला.

त्या दिवशी पाशाभाईंचा धीर सुटला. पत्र्याखाली नजमुन्निसा पिठाचा गोळा मळत होती. तिच्यापुढं ते उकिडवे बसले. "तू तरी सांग त्याला. तुझं ऐकतो त्यो."

"मी काय सांगू? मीच आणाय लावलाय."

पाशाभाई खालीच टेकले.

"तुमची नाईट असायची, तवा मी कडी लावून भिंतीकडं बघत बसायची," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, हातही थांबवला नाही. "दिवसा तुम्ही घरी, तर झोपल्यालं. भांडं वाजवायचं न्हाई, रेडू लावायचा न्हाई. कुनी बाई बोलाय आली तर दारातनंच वाटंला लावायची. पोरगं रडलं तर काखंत मारून रस्त्यावर फिरायचं. तुमच्या कानाला आराम पायजे म्हनून अख्खं घर गप. आन् आता म्हातारपनी हितं आनून परत गपच बसवताय. मला मानसं पायजेत."

"मग बोलली का न्हाईस?"

"इचारलं कवा तुम्ही? बाभळीला इचारलं, सावली कुठवर येती म्हनून."

पाशाभाई उठले, जनरेटरपाशी गेले, तेल पाहिलं आणि चालू करून दिला. यंत्र त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला कळत नव्हतं. त्या दिवसापासून ते काम त्यांच्याकडेच आलं.

नजमुन्निसाच्या हातचं मटण आणि बाजरीची भाकरी पाहुण्यांत गाजली. पुण्याच्या बायका तिच्याजवळ बसून कृती विचारायच्या, तिच्याबरोबर फोटो काढायच्या. ती हसायची. एवढं मोठ्यानं ती हसते, हे पाशाभाईंना संसार संपत आला तेव्हा कळलं. तिच्यावर राग धरावा, तर त्यांना ते जमत नव्हतं. धरू नये, तर तेही जमत नव्हतं.

एका बुधवारी ते कुणाला न सांगता एकटेच माळावर गेले. पाहुणे नाहीत, इम्तियाज नाही. स्पीकर पोत्याखाली झाकलेला. पडवीत बसले, डोळे मिटले. तर मागून बारीक घूं आवाज यायला लागला. जनरेटर चालू राहिला असेल म्हणून उठून पाहिला. तो थंड होता. इन्व्हर्टर बंद केला. फ्रीजची वायर काढली. आवाज तसाच.

गेणबा शेळ्या घेऊन वर आला होता. त्याला हाक मारून पाशाभाईंनी विचारलं, "गेणबा, ह्यो घूं घूं कसला येतोय?"

गेणबानं कान दिला. बराच वेळ दिला. "कसला वो? काय बी न्हाई. आज तर वारा बी पडलाय."

दौंडच्या डॉक्टरनं कान तपासले. इतकी वर्षं बॉयलरवर होता, तर हे आतलंच आहे, म्हणाला. औषधानं जायचं नाही, सवय करून घ्या. हे हळूहळू वाढत जातं; आधी बारीक होतं, त्यात भोवती गलका, म्हणून ऐकू आलं नव्हतं, एवढंच.

आता शनिवार आला की पाशाभाई खुर्ची घेऊन जनरेटरजवळ बसतात. त्याच्या धडधडीत आतलं काही ऐकू येत नाही. नजमुन्निसा ताट घेऊन तिथवर येते, ओरडून म्हणते, "आत या की, मानसं इचारत्यात तुमाला." ते हातानं खूण करतात, की मशीनपाशी कुणीतरी पाहिजे. ती ताट खुर्चीजवळ ठेवून पाहुण्यांत परत जाते. कानांचं त्यांनी तिला अजून सांगितलेलं नाही. इम्तियाजनं गेणबाकडे शेजारच्या तुकड्याची बोलणी लावली आहेत.