हनुवटीखालचं बोट

आमच्या सलूनवाल्याला सगळे रेडिओ म्हणतात. एके काळी गिऱ्हाइकाच्या गळ्याला वस्तरा लावूनच तो बातम्या सुरू करायचा, म्हणजे मध्येच कोणी तोंड घालायला नको. कोणाची सून कोणाशी बोलत नाही, टकलावर कोण काय थापतं, सगळं तिथे कळायचं. माझ्या डोक्यावर कापण्याजोगं फारसं काही उरलेलं नाही, तरी मी नेमाने जायचो, ते बातम्यांसाठीच.

त्याची बायको वारली आणि रेडिओ बंद पडला. रडला नाही, प्यायला लागला नाही, दुसरं लग्नही केलं नाही. गल्लीची पार निराशा झाली. दुकान उघडायचा, केस कापायचा, टॉवेल झटकायचा आणि म्हणायचा, पुढचा.

त्याची मुलगी मोठी झालीय, पण घरात अजून ठकीच. ती स्वमग्न आहे, शिवाय समज लहान मुलाइतकी. बोलत नाही. तिचे दात आई घासायची. आई गेल्यावर तिने तोंडाला कुलूपच घातलं. ब्रश दिसला की दात आवळायची, बापाच्या हाताला कडाडून चावायची. हिरड्या सुजल्या, जेवण सुटत चाललं. त्यात तिच्या विशेष शाळेतल्या बाई म्हणाल्या, संध्याकाळपर्यंतच्या वर्गात घ्यायचं तर जेवणानंतर तिचे दात तिला घासता यायला हवेत. नाहीतर दुपारी घरी न्या. आता दुपारी घरी कोण? म्हणजे एकतर दुकानाला टाळं, नाहीतर ठकी दूरच्या वसतिगृहात. हे सगळं रेडिओने मला ‘मागे बारीक करू का’ याच आवाजात सांगितलं.

बाईंनी रीत दाखवून दिली होती. आधी ब्रश नुसता ओठाला लावायचा, मग पुढच्या दातांना, मग दाढांना. तिच्या हातावर आपला हात ठेवायचा आणि जमेल तसा काढून घ्यायचा. रेडिओ संध्याकाळी दुकान आवरून ठकीला आरशासमोरच्या खुर्चीत बसवायचा आणि मागे उभा राहायचा. समोरचा इस्त्रीवाला म्हणाला, रेडिओने आता दातांचा दवाखाना काढला वाटतं. रेडिओने ब्रशवर पेस्ट लावली. चावे कमी झाले. हळूहळू ठकीचा हात एकटा फिरायला लागला.

मग तो तिला बाईंना दाखवायला घेऊन गेला. बेसिनपाशी ठकीने ब्रश घेतला, पेस्ट लावली, तोंडात घातला आणि थांबली. हनुवटी वर, ब्रश जागच्या जागी. नळ गळत होता. रेडिओ पुढे झाला, तिच्या मागे उभा राहिला. ब्रश सुरू.

बाईंनी विचारलं, “हे बोट कधीपासून?”

“कुठलं बोट?”

त्याचं डावं बोट तिच्या हनुवटीखाली होतं. दाढी करताना असतं तसंच. उजवा हात त्याने नीट आठवणीने काढून घेतला होता. डावा कधी तिथे गेला, त्याला पत्ताच नव्हता.

बाई म्हणाल्या, “दुपारी मी ते कुठून आणू? ते सुटलं की या.”

सुटणं सोपं नव्हतं. बोट काढलं की ठकी थांबायची. त्याने माझ्यावरही सराव केला, बोट न लावता दाढी. मी म्हटलं, कापलं रे. तो म्हणाला, हो. आणि तुरटी फिरवली.

एका संध्याकाळी मी बाकावर उगाच रेंगाळलो होतो. रेडिओ हात पाठीशी बांधून उभा. ठकी ब्रश तोंडात धरून बसली. बराच वेळ तशीच. मग तिचा डावा हात मांडीवरून उठला. तिने स्वतःचं बोट स्वतःच्या हनुवटीखाली ठेवलं, मान वर केली आणि घासायला लागली. पार मागच्या दाढांपर्यंत.

रेडिओने बेसिन धुतलं, टॉवेल वाळत टाकला. मी विचारलं, काय वाटलं रे? म्हणाला, काही नाही.

पुढच्या खेपेला दुपारीच गेलो. दुकान उघडं होतं. बोट माझ्या हनुवटीखाली आलं. मी खोड काढली, “रेडिओ, काही बातमी?”

“ठकीला घेतलं वर्गात,” तो म्हणाला. “बाईंनी विचारलं, बोट कोणाचं? म्हटलं, तिचंच. चला, मान वर.”