खालचं शेत हिरवं झालं

कुंभकोणमहून सायकलने चोळपुरमला जाऊन मी भाताला नवं सरकारी खत घालून दाखवत असे. एकदा तिथला पाणी सोडणारा म्हातारा खत पडण्याआधी टाचेने चिखल दाबून बांधातली पाण्याची वाट बुजवू लागला. मी सरकारी माणूस, खेकसलो, "वाहू दे पाणी!"

महिन्याने साहेब पाहायला आले. आमचं शेत पिवळं आणि खालचं, शेजाऱ्याचं, हिरवंगार! खत पाण्याबरोबर तिकडे गेलं होतं.

साहेबांनी कारण विचारलं. मी सायकलची घंटी चाचपत राहिलो.

म्हातारा म्हणाला, "वाट मीच उघडी ठेवली, सामी."

बोलणी त्याने खाल्ली. साहेब गेल्यावर त्याने तीच वाट टाचेने बुजवली आणि मला म्हणाला, "आता घाला."

माझ्या वहाणांना तेव्हाही चिखल लागलेला नव्हता.