ब्याण्णव टक्के चोर

टाचणीमावशीचं खरं नाव बाजारात कुणालाच ठाऊक नव्हतं. तोंडात सदा चार टाचण्या, आणि त्या काढल्या की बाहेर पडणारे शब्द त्यांच्याहून टोकदार. बाजाराच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर तिचा शिवणकामाचा गाळा. एकोणीस वर्षं ती तिथे मशीनवर पाय मारत होती. चौकडीचं कापड द्यावं तर तिलाच. शिवणीवर रेघ रेघेला अशी भिडायची, की शिवण शोधायला चष्मा लागावा.

मग फाटकावर कॅमेरा बसला. कुठल्याशा दुकानातून सामान लंपास केलेल्या बाईचा फोटो त्याच्या पोटात होता आणि मावशी दिसली की तो केकाटायचा. रोज सकाळी. रोज वॉचमन तिची पिशवी उलटी करायचा. कात्री, खडू, रिळं फरशीवर घरंगळायची आणि हा नाकातून म्हणायचा, "माझं काय आहे बाई, मशीन म्हणतंय."

"मशीन माझ्याकडेही आहे. मी पाय मारल्याशिवाय ते हूं की चूं करत नाही. तुझ्या मशीनवर कुणाचा पाय आहे? बोलाव त्याला!"

मॅनेजर आला. "बघा मॅडम, त्याचं काय आहे, चेहरा ब्याण्णव टक्के जुळतोय."

"आणि उरलेले आठ टक्के कोण? मीच ना?"

"तसा रकाना नाही सिस्टिममध्ये. महिनाभर असंच वाजत राहिलं, तर प्रवेश बंद. गाळा दुसऱ्याला."

मावशीच्या अंगाचा तिळपापड झाला. तेवढ्यात कापडावर छपाई शिकणारी भाची एक तागा घेऊन आली. त्यावर डोळे, अर्धी नाकं, हनुवट्यांचे तुकडे. "याचा टोपीवाला कोट शिव, मावशी. कॅमेऱ्याला जिथे तिथे चेहरा असल्यासारखं वाटतं, मग तुझा सापडत नाही. गोंधळतो बिचारा."

"बिचारा म्हणू नकोस त्या मेल्याला."

सुट्टीचा अख्खा दिवस खपून मावशीने कोट शिवला. दुसऱ्या दिवशी कॅमेरा दुप्पट बोंबलला. वॉचमन पडदा बघून हर्षाने ओरडला, "बाई, आज तुम्ही सात जणी आलात!"

भाचीने शिवणी पाहिल्या आणि कपाळावर हात मारला. "अगं, जुळवलंस? डाव्या नाकाला उजवं नाक?"

"मग काय कानाला लावू?"

"हो! तुकडे तुकडेच राहू द्यायचे होते. तू धडधडीत माणसं शिवलीस. धड चेहरे त्याला नीट मोजता येतात, त्यात तुझाही."

मावशी कोट उसवायला बसली. एवढी वर्षं गिऱ्हाईक दाराशी ताटकळलं तरी चालेल, पण रेघ चुकू दिली नव्हती. आता एका डबड्यापायी मुद्दाम गचाळ शिवायचं! तिने डोळ्याला हनुवटी लावली, नाकाला कान, आणि प्रत्येक टाक्याला एकेक शिवी दिली.

सकाळी कॅमेरा गप्प. वॉचमन चुळबुळत राहिला. मावशी ताठ मानेने वर गेली.

दुपारी मॅनेजर गाळ्याशी हजर. हातातल्या फोनवर बघत म्हणाला, "मॅडम, तुमचा गाळा आज बंद आहे."

मावशीचं मशीन खडखडत होतं. "काय आहे?"

"कॅमेऱ्याच्या नोंदीत तुम्ही आलाच नाहीत. आणि बंद गाळा, म्हणजे असं आहे, आम्हाला ताब्यात..."

"मग हे सांगताय कुणाला?"

मॅनेजरने पुन्हा फोनकडे पाहिलं. तिच्याकडे नाही.

मावशीने टाचण्या थुंकल्या. कोट काढून टेबलावर आपटला, जिना उतरली आणि फाटकात, कॅमेऱ्याच्या बरोब्बर समोर, उघड्या चेहऱ्याने उभी राहिली. तो केकाटू लागला.

"बाजूला व्हा बाई," वॉचमन गयावया करू लागला.

"का? आलेय मी. लिहा."

जेवून परतणाऱ्यांची रांग रस्त्यापर्यंत गेली. केकाटणं थांबेना. मागून बटणवाला म्हणाला, "उभ्या राहा मावशी, मला घाई नाही." तिच्या मागोमाग खाली आलेला, कानात बोटं घातलेला मॅनेजर हाताने 'हटा, हटा' करायला गेला, की एक कान उघडा पडायचा आणि बोट झटकन परत आत.

शेवटी त्याने वॉचमनचं स्टूल ओढलं आणि कॅमेऱ्याची वायर शोधायला वर चढला. स्टूल डुगडुगत होतं.

मावशी हातभर अंतरावर होती. तिने ते धरलं नाही.