वहिनींना न विचारता मांडलेला सौदा

मध्यभारताचं राज्य झालं आणि होळकरांच्या कचेऱ्यांतल्या कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या. अशा अडचणीतल्या लोकांची घरं स्वस्तात घ्यायची, हाच माझा धंदा होता.

रामबागेतल्या एका घरातला थोरला भाऊ वारला होता. नोकरी गेलेला धाकटा मला घर दाखवत होता. "घर माझ्याच नावावर आहे. आज बयाणा द्या, भाव आणखी उतरवतो," तो हळूच म्हणाला.

मी खिशात हात घातला, तोच त्याची विधवा वहिनी चहा घेऊन आली. "भाड्याची खोली बघायला आलात का?" तिने मला विचारलं. घर विकायचं चाललंय हे तिला ठाऊकच नव्हतं.

मी दिराला म्हणालो, "वहिनींना मागच्या दोन खोल्या ठेवा, मग घेतो."

"फिर रहने दो, भिया!" तो इथल्या हिंदीत उसळून म्हणाला.

सौदा लक्षात येऊन वहिनींनी चहा खाली ठेवला. "तुम्हीच घ्या हो," त्या मला म्हणाल्या, "तुम्ही निदान माझा विचार तरी केलात."

माझी अट नको म्हणून दिराने घर दुसऱ्यालाच विकलं. वहिनी देवासला भावाकडे गेल्या. कितीतरी दिवस त्या गल्लीतून जायला मी धजत नव्हतो.