एकाच नावाचे दोन फोल्डर

धम्मरत्न मनवर यांना एका जागी बसवत नसे. बोरी अरबला त्यांचा टायपिंगचा क्लास होता, तेव्हाही ते सहा मशीनच्या मधून येरझारा घालत शिकवायचे. कुणाचं बोट चुकलं की आवाजावरून ओळखायचे आणि तिकडे धाव घ्यायचे. आम्ही सगळे त्यांना मास्तर म्हणायचो. जन्म अठ्ठावन्न सालचा. छप्पन्नच्या धम्मदीक्षेनंतर वस्तीत जन्मलेल्या पहिल्या लेकरांपैकी ते एक, म्हणून थोरल्या भावाचं नाव महादेव आणि त्यांचं धम्मरत्न.

पुढे क्लास बंद पडला. मास्तरांनी दारव्ह्याहून जुना कॉम्प्युटर आणून घरच्या पुढच्या खोलीत मांडला. शाळेच्या प्रश्नपत्रिका, लग्नपत्रिका, अर्ज, असं काम येई. कापसाची ती वाईट वर्षं होती. निम्मे अर्ज तहसीलच्या मदतीचे, आणि आणणाऱ्या बहुतेक बाया. एका आठवड्यात पाचव्यांदा ‘मयत’ हा शब्द टाइप करायची वेळ आली की मास्तर अर्ध्यातून उठून अंगणात फिरायला लागत.

२००६ साली दीक्षेला पन्नास वर्षं होणार होती. मास्तरांच्या मनानं घेतलं की गावातले जे म्हातारे-म्हाताऱ्या छप्पन्न साली नागपूरला गेले होते, त्यांच्या आठवणींची पुस्तिका काढायची. लोकांच्या आनंदाचा एखादा दिवस आपल्या हातून टाइप व्हावा, असं ते म्हणायचे. वर्षभर ते घरोघरी गेले. वहीत टिपून आणत, टाइप करत, आणि टाइप करून झालेली वहीची पानं त्यांच्या पत्नी पंचफुलाबाई चुलीला लावत. सत्तावीस माणसं झाली. प्रत्येकाच्या नावाचा एक फोल्डर, त्यात मजकूर आणि फोटो. त्यातली चार माणसं वर्षभरात वारलीसुद्धा.

सप्टेंबरात कॉम्प्युटर विचित्र वागायला लागला. मध्येच आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचा. कुठल्याही फोल्डरच्या शेजारी त्याच नावाचा आणखी एक फोल्डर दिसायचा. त्यावर क्लिक केलं की उघडायचा, पण आत काहीच वेगळं नसायचं. मास्तरांनी चार दिवस असे कितीतरी उघडून पाहिले. मग त्यांनी यवतमाळला उत्तमसिंगला फोन लावला. हा त्यांचा तांड्यावरचा जुना विद्यार्थी, आता तिथं कॉम्प्युटर दुरुस्त करायचा.

“मास्तर, व्हायरस हाय थो. थो फोल्डर नाहीच, फोल्डरचं सोंग घेतलेली फाईल हाय. तुमी जितक्या खेपा क्लिक केलं, तितक्या खेपा त्याले जागं केलं.”

“मंग आता?”

“फॉरमॅट मारा. अर्ध्या घंट्याचं काम.”

“अन् आतलं?”

“आतलं जाते.”

“मंग नाही मारत,” मास्तर म्हणाले. “मानसं हायेत त्याच्यात.”

उत्तमसिंगनं वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं एसटीच्या कंडक्टरजवळ एक सीडी पाठवली. व्हायरस सीडीवर काही लिहू शकत नाही, म्हणून सीडी. सोबत कागदावर पायऱ्या लिहून दिल्या होत्या: कॉम्प्युटर चालू होताना एफ-आठ दाबायचं, सेफ मोडमध्ये जायचं, सीडीतला प्रोग्राम चालवायचा, आणि तो संपेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही.

शेवटची पायरीच मास्तरांना जड गेली. प्रोग्राम मुंगीच्या चालीनं एकेक फाईल तपासत होता. मास्तर खुर्चीतून उठत, दारापर्यंत जात, परत येऊन पडद्यावरचा आकडा बघत. वर लोडशेडिंग. सकाळी लाइन गेली की दुपारीच यायची. दोनदा काम पाऊण होईस्तोवर लाइन गेली, यूपीएस दहा मिनिटं ओरडला आणि गप्प झाला.

“अवो, बसा ना घडीभर,” पंचफुलाबाई म्हणाल्या. “तुमच्या फिरण्यानं का थो निंगून जाते?”

“दीक्षेची चौदा तारीख येऊन राह्यली, पंचफुले. छापखानावाला महिनाअखेर मांगते.”

तिसऱ्या खेपेला प्रोग्राम शेवटापर्यंत गेला. व्हायरस सापडला, काढला, पडदा स्वच्छ झाला. मास्तरांनी पेनड्राइव्ह लावला, छापखान्यासाठी फाईल घेतल्या, आणि संध्याकाळी पाहतात तर दुहेरी फोल्डर पुन्हा हजर. त्यांनी डोक्याला हात लावला. मग त्यांच्या ध्यानात आलं. घर स्वच्छ केलं, पण किडा खिशात होता. तोच पेनड्राइव्ह घेऊन ते महिन्याभरापासून शाळेत जात होते. व्हायरस शाळेतून आपल्याकडे आला की आपल्याकडून शाळेत गेला, ते काही कळेना. जेवताना ते ताटावरून दोनदा उठले.

दुसऱ्या दिवशी पेनड्राइव्हवरचं सगळं पुसून टाकलं आणि प्रोग्राम पुन्हा चालवला, यावेळी पेनड्राइव्हसकट. व्हायरस मेला, पण त्याच्या काही नकला मागे उरल्या. त्या हातानं काढायच्या होत्या. उत्तमसिंगनं फोनवर बजावलं होतं, “दोन्ही सारखेच दिसतीन मास्तर. एकेकाचा प्रकार पाह्या. ‘फाईल फोल्डर’ असन त ठेवा, ‘ॲप्लिकेशन’ असन त उडवा. घाई करू नका.”

मास्तर पंचवीस नावांपर्यंत नीट बघत गेले. लोडशेडिंगच्या वेळेला पाच मिनिटं कमी होती. आता लाइन जाणार. सव्विसावं नाव शकुबाईचं. दोन सारखे फोल्डर. त्यांनी एक धरला आणि शिफ्ट दाबून कायमचा डिलीट केला. उरलेल्याचा प्रकार पाहिला तेव्हा तिथं ‘ॲप्लिकेशन’ लिहिलेलं होतं.

लाइन गेली. अंधाऱ्या पडद्यासमोर मास्तर पहिल्यांदाच बराच वेळ हलले नाहीत.

“काय झालं?” पंचफुलाबाईंनी विचारलं.

“शकुमायले मी पुसून टाकलं.”

व्हायरसनं सत्तावीसपैकी एकाचंही काही बिघडवलं नव्हतं; शकुबाईचं मास्तरांच्या स्वतःच्या घाईनं गेलं होतं. उत्तमसिंगनं आणखी एक-दोन उपाय सांगितले. काही मिळालं नाही.

मास्तर आधी शाळेत गेले. शाळेचे बाबू शंकरसिंग त्यांच्या ओळखीचे. मास्तरांनी सरळ सांगितलं, “तुमच्या कॉम्प्युटरमंधी व्हायरस हाय. बहुतेक माह्याच पेनड्राइव्हनं आणला.”

शंकरसिंग भडकले. “हप्त्यापासून मी कॉम्प्युटरच्या कंपनीले शिव्या देऊन राह्यलो, अन् तुमी होय काय ते?” मग म्हणाले, “पण सांगाले आले. दुसरा आला नसता.” पुढचे तीन रविवार मास्तरांनी शाळेतले चारही कॉम्प्युटर सीडी लावून साफ केले. नकला काढताना ते प्रत्येक नाव मोठ्यानं वाचायचे, प्रकार मोठ्यानं वाचायचे, आणि मगच बोट हलवायचे.

पण शकुबाईकडे जायचा धीर दोन दिवस होईना. बाई ऐंशीला टेकलेली. एकदा सांगितलेलं पुन्हा सांगा म्हणायचं कसं? शेवटी मास्तर गेले. म्हातारी एकटीच अंगणात उडीद पाखडत होती.

“शकुमाय, तुमचं सांगितलेलं माह्या हातून गेलं. पुन्हा सांगता काय?”

म्हातारीनं सूप खाली ठेवलं. “गेलं त बरं झालं, बापू. मागच्या खेपेले सून बसली होती बाजूले. खरं सांगताच नाही आलं.”

मागच्या वेळी तिनं तीन-चार वाक्यांत उरकलं होतं: नवऱ्यासंग गेली, बाबासाहेब दुरून पाहिले, परत आली. आता ती वेगळंच सांगायला लागली.

“धन्यानं नाही म्हटलं होतं. म्हणे, देव सोडाचे त तू सोड, मी नाही येत. मी लेकरू काखेत घेतलं अन् बायांसंग निंगाली. बैलगाडीनं यवतमाळ, तिथून ट्रकमंधी उभ्यानं. वापस आली त थो बोलेच ना. आठ दिवस. मंग मीच देव फडक्यात बांधले अन् अडाण नदीवर गेली. थो मागं मागं आला. काठावर उभा राह्यला. मी सोडले पाण्यात. थो म्हणे, ‘झालं?’ मी म्हटलं, ‘झालं.’ मंग त्यानं माह्याजवळून लेकरू घेतलं. घरापावतर त्यानंच आणलं.”

मास्तरांनी शब्द न् शब्द टिपला आणि वाचून दाखवला. “हे छापलं त चालन काय?” त्यांनी विचारलं.

“थो गेला त वीस वर्षं झाली. मीबी जाईन आता. छाप.”

पुस्तिका चौदा ऑक्टोबरला सकाळी छापखान्यातून आली, शाई ओलीच होती. संध्याकाळी विहारात पंचफुलाबाईंनी त्यातली काही पानं वाचली. शकुबाईचं पान सुरू झालं तेव्हा तिचा मुलगा गोविंदा मागच्या भिंतीला टेकून बसला होता. एक्कावन्न वर्षांचा माणूस, नांगराच्या मुठीनं हात रापलेले. पान संपल्यावर तो उठून आईपाशी आला.

“थे लेकरू मी?”

“मंग कोण?” शकुबाई म्हणाली. “एकच त होता तवा.”

गोविंदा तिथंच खाली बसला. बापानं आपल्याला कधी जवळ घेतल्याचं त्याला आठवत नव्हतं. कडक माणूस म्हणूनच सारं गाव त्या म्हाताऱ्याला ओळखायचं. जरा वेळानं त्यानं पंचफुलाबाईंकडे पाहिलं.

“वहिनी, थे शेवटचं पुन्हा वाचा.”

त्यांनी पुन्हा वाचलं.