बिशपबाबाचा दिवा

सीताबाई गेल्या तेव्हा त्यांचा मुलगा पुंडलिक कुवेतमध्ये, मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीत परांच्या बांधत होता. एक्झिट परमिट वेळेत मिळालं नाही. अग्नी बहिणीने, योगिनीने दिला. तो त्याने अब्बासिया वस्तीतल्या आपल्या खोलीत बसून फोनवर पाहिला.

संध्याकाळी पुन्हा तिचाच फोन. "दादा, बिशपबाबाचो दिवो लावचो काय? सुतक असा."

इंग्रजी अमदानीत तो परदेशी बिशप कोकणातल्या त्यांच्या गावी आला आणि प्लेगमध्ये माणसं जपत तिथेच राहिला. त्याची आई गेल्याची बातमी बोटीने आली, तोवर तिला पुरून कित्येक महिने झाले होते. तो ओसरीवर एकटाच रडत बसला, तेव्हा पुंडलिकच्या पणजीने त्याच्या आईच्या नावाने त्याच्या दारात दिवा लावला. पुढे तोही गेला आणि दिवा त्याच्या थडग्यावर आला. रोज संध्याकाळचा तो दिवा सीताबाईंनी कधी चुकवला नव्हता.

"सुतकात देवाक दिवो लावनत नाय," योगिनी म्हणाली.

"तो देव खय? तो घरचो माणूस. लाव गो." पुंडलिक म्हणाला. "आवस गेली आणि पोचाक गावला नाय, म्हणजे काय ता तेका ठावक असा."

तिने दिवा लावून फोन थडग्यासमोर धरला. तिकडे वारा होता. ज्योत विझू नये म्हणून पुंडलिकने इकडे, बंद खोलीत, फोनला हाताचा आडोसा केला.